स्पेस कॅडेट्सची गोष्ट लिहायचीय? आधी मोठ्या माणसांना लांब पाठवा

मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी सात-आठ पोरं जमायची आणि मी त्यांना थोडी थोडी करून एक गोष्ट सांगायचे. अंतराळशाळेतली तीन कॅडेट मुलं, चंद्रावर अडकलेली, यान बंद, ऑक्सिजन संपत आलेला, वर काळंकुट्ट आकाश, सगळा मसाला होता. तिसऱ्या दिवशी गोष्ट ऐन रंगात आली असताना चौथीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, मग त्यांनी हेडक्वार्टरला फोन का नाही केला?" मी म्हटलं, रेडिओ बिघडलाय. ती म्हणाली, "तिघांचे तिन्ही?" बाकीची पोरं खो खो हसली आणि माझी गोष्ट तिथेच बसली, परत काही उठली नाही.

तेव्हापासून मी एवढंच शिकले की मुलांच्या साहसकथेत सगळ्यात आधी मोठ्या माणसांचा बंदोबस्त करायचा. किल्ल्यावरची गोष्ट असो नाहीतर जंगलातली, आईबाबा हाकेच्या अंतरावर असले की गोष्ट पाच मिनिटात आटपते, कारण शहाणं मूल काय करेल, तर मोठ्यांना बोलावेल. मग लेखक काय करतात, आईबाबांना गावाला पाठवतात, मास्तरांना आजारी पाडतात, पोलिसांना बावळट करून टाकतात. मुलांना हे लगेच कळतं हो, बोलत नाहीत इतकंच. अंतराळातल्या गोष्टीत मात्र हे काहीच करावं लागत नाही. तिथे मोठी माणसं हुशार, प्रेमळ, जागी आणि रेडिओपाशी बसलेली असली तरी चालतं, कारण त्यांचा आवाज पोचायलाच वेळ लागतो.

हे गणित चौथीचं आहे. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे संदेश जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला अजून सव्वा. बोलताना जरा अडखळायला होतं, पण बोलता येतं. म्हणजे माझी चंद्रावरची गोष्ट मुळातच चुकीच्या जागी होती, त्या मुलीचं बरोबर होतं. मंगळ सतत पुढेमागे होत असतो, त्यामुळे तिथून एका बाजूचा प्रवास कधी ३ मिनिटं तर कधी २२. मधलं अंतर धरा २२.५ कोटी किलोमीटर, भागिले ३ लाख, आले ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. प्रश्न विचारला की उत्तर पंचवीस मिनिटांनी, तेही समोरच्याने क्षणाचाही विचार न करता दिलं तर. गुरूच्या आसपास गेलात तर नुसतं जायलाच पाऊण तास. आणि साधारण दर २६ महिन्यांनी पृथ्वी आणि मंगळाच्या मधे सूर्य येतो, तेव्हा साधारण दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणंच थांबवतात. दोन आठवडे! मुलांच्या गोष्टीला अजून काय पाहिजे.

लिहायला बसायच्या आधी एक खेळ खेळून बघा, त्याशिवाय हे हाताला लागत नाही. दोन मुलं दोन खोल्यांत बसवा, एक मंगळ, एक पृथ्वी. तिसरा पोस्टमन. मंगळवाल्याने चिठ्ठी लिहायची, पोस्टमनने दारात उभं राहून शंभर आकडे मोजायचे आणि मगच ती पलीकडे द्यायची, परत येतानाही शंभर. नियम एकच, उत्तराची वाट बघत गप्प बसायचं नाही, जे सुचेल ते लिहीत राहायचं. आमच्याकडे मंगळावरून पहिली चिठ्ठी गेली "टाकीतून पाणी गळतंय, काय करू". दुसरी गेली "थांबलं, मी च्युइंगगम लावलं". तिसरी गेली "आता दार उघडत नाहीये". तेवढ्यात पृथ्वीवरून पहिल्या चिठ्ठीचं उत्तर आलं, "घाबरू नकोस, दार उघडून बाहेर ये". सगळे लोळून हसले. पण बघा, त्या हसण्यात गोष्ट आहे. सल्ला बरोबर होता, प्रेमाने दिलेला होता आणि पोचेपर्यंत निरुपयोगी झाला होता. त्या चिठ्ठ्या फेकू नका, तुमचे अर्धे संवाद त्यातच मिळतात.

याची उलटी बाजू दाखवणारा खरा प्रसंग म्हणजे अमेरिकेची अपोलो १३ मोहीम. एप्रिल १९७०, चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघं जण मोठं यान सोडून, चंद्रावर उतरण्यासाठी बरोबर नेलेल्या दोघांपुरत्या छोट्या यानात येऊन बसले. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषायचे डबे तिथले गोल, मोठ्या यानातले शिल्लक होते ते चौकोनी, बसणार कसे? मग पृथ्वीवरच्या इंजिनिअर लोकांनी यानात काय काय सामान आहे याची यादी केली, प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तकाचे पुठ्ठे, सूटच्या नळ्या, चिकटपट्टी, आणि त्यातून एक जुगाड जमवून रेडिओवर तोंडी सांगत सांगत वर बनवून घेतला. सव्वा सेकंदाचं अंतर होतं म्हणून हे जमलं. आता हाच प्रसंग मंगळाच्या पलीकडे ठेवा आणि तिघांच्या जागी तीन कॅडेट ठेवा. यादी त्यांनाच करायची आहे, पुठ्ठे त्यांनाच फाडायचे आहेत. (पोरांना हा भाग सांगताना घरातलं सामान समोर ओता आणि गोल बरणीवर चौकोनी डबा हवा न गळता बसवून दाखवा म्हणावं. माझी एक सेलोटेप संपली पण एक अख्खी संध्याकाळ निघाली.)

आता कॅडेट. हा शब्द ऐकला की आपल्याकडे एनसीसी आठवते, पहाटेची परेड, बुटाला पॉलिश, बक्कल चकचकीत, आणि परेड संपल्यावर मिळणारा समोसा. तेच घ्या ना! मुलांना "गॅलॅक्टिक फोर्सचे शूर सेनानी" वगैरे केलंत की ती एकदम खोटी वाटायला लागतात. कॅडेट म्हणजे सगळ्यात खालचा, त्याच्या वाट्याला कामं कसली, तर फिल्टर धुणं, बटाट्याच्या वाफ्याला पाणी, सूटचे रबरी जोड तपासणं. आणि मग संकटात नेमकं त्या कंटाळवाण्या कामातलं काहीतरी उपयोगी पडतं, जो रोज वैतागत रबर तपासायचा त्यालाच हवा कुठून गळतेय ते बोटाला कळतं. दुसरा प्रश्न, मुलं तिथे गेलीच कशी? पृथ्वीवरून लहान मुलं पाठवली असं लिहू नका, पटत नाही. आजवर पृथ्वीची प्रदक्षिणा केलेल्यांतला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे सोव्हिएत रशियाचा घेर्मान तितोव्ह, १९६१ मध्ये, तोही २५ वर्षांचा होता (आणि त्याला वर गेल्यावर मळमळलं आणि नंतर तो ठरल्यापेक्षा जास्त वेळ झोपून राहिला, हे मुलांना जरूर सांगा, त्यांना असा हिरो फार आवडतो). त्यापेक्षा मुलं तिथेच जन्मलेली दाखवा. आईबाबा मंगळावर कामाला, पोरं तिथल्याच शाळेत. बसस्टॉपसारखं एअरलॉक, म्हणजे ती दोन दारांची हवाबंद खोली. त्यांना पृथ्वी माहीतच नाही, त्यामुळे पाऊस म्हणजे काय हे आजीने व्हिडिओत सांगायचं आणि त्यांनी खोटं वाटून हसायचं.

जागा निवडताना माझं मत स्पष्ट आहे, परका ग्रह स्वतः बनवत बसू नका. तीन सूर्य, जांभळी झाडं, बोलणारे दगड हे सगळं लिहायला सोपं आणि ऐकायला कंटाळवाणं असतं कारण तिथे काहीही होऊ शकतं, मग कशाचंच काही वाटत नाही. खरी जागा घ्या आणि तिचे खरे नियम घ्या. मी आता जी गोष्ट सांगते ती डायमॉसवर आहे, मंगळाचा धाकटा चंद्र. हा जेमतेम बारा किलोमीटरचा ओबडधोबड दगड आहे, ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग दिलात तर वस्तू त्याला कायमची सोडून जाते. २० म्हणजे आपली सायकल. तिथे क्रिकेट खेळायला गेलात तर बॉलिंगच करता येणार नाही, चौथीतल्या पोराने नुसता हाताने फेकलेला बॉल परत खाली येत नाही, मंगळाभोवती फिरत बसतो. हे वाक्य गच्चीवर टाकलं तेव्हा पहिल्यांदा दोन मिनिटं पिनड्रॉप शांतता होती, मग एक जण म्हणाला, "म्हणजे प्रत्येक बॉलला नवीन बॉल?"

आणि उडी. पृथ्वीवर उडी मारलीत तर अर्ध्या सेकंदात खाली. डायमॉसवर तशीच उडी मारलीत तर खाली यायला अर्धा तास सहज लागेल, जोरात मारली तर त्याहून जास्त. मला गोष्ट इथेच मिळाली. तीन कॅडेट, ओवी, झुबेर आणि बंट्या, डायमॉसच्या मागच्या बाजूला उतरलेत. मागच्या का? कारण आपल्या चंद्रासारखाच डायमॉस मंगळाला सतत एकच बाजू दाखवतो, त्यामुळे पाठच्या बाजूवरून मंगळ कधी दिसतच नाही, आणि मंगळ दिसत नाही म्हणजे मंगळावरच्या आईबाबांशी सरळ रेडिओ नाही. पृथ्वी दिसते, तिथे बोलता येतं, पण पंचवीस मिनिटांचा हिशोब. बघा, कुणाचा रेडिओ बिघडवावा लागला नाही की कुणाला आजारी पाडावं लागलं नाही. त्या चौथीतल्या मुलीलाही हे पटलं, मी मुद्दाम आधी तिलाच सांगून बघितलं.

तर बंट्या दगडाचा नमुना घ्यायला वाकतो, हातोडा मारतो, हातोड्याच्या धक्क्याने स्वतःच जरा उचलला जातो, ओवी त्याला धरायला झेपावते आणि तिचाच पाय जोरात रेटला जातो. ती वर निघाली. फार जोरात नाही, माणूस सावकाश धावतो तेवढ्या वेगाने. खाली दोघं हात वर करून बघतायत, तिचे बूट आधी डोक्याच्या उंचीवर, मग घराएवढ्या उंचीवर, मग टॉवरएवढ्या. दोर बांधलेला नाही कारण दोर बांधायची पाळी बंट्याची होती. परत खाली यायला अर्धा तास. सूटमधली हवा, वीस मिनिटं.

इथे गोष्ट थांबवा आणि मुलांना विचारा. खरंच थांबवा, पाणी प्या, घाई करू नका. आमच्याकडे एकाने सांगितलं पोहत खाली यावं (हवाच नाही, हात मारणार कशावर). एकीने सांगितलं जोरात फुंकर मारावी, मग तिलाच आठवलं की हेल्मेट आहे. मागून कुणीतरी हळूच "पादावं" म्हणालं आणि पाच मिनिटं वाया गेली, पण खरं सांगू का, दिशा बरोबर होती! काहीतरी वरच्या बाजूला सोडलं तर आपण खालच्या बाजूला ढकलले जातो. न्यूटनचा तिसरा नियम, पण नाव नंतर सांगा, आधी त्यांना स्केटिंगचे बूट घालून दप्तर फेकायला लावा, आपोआप मागे सरकतात. मग ओवीकडे काय काय आहे त्याची यादी मुलांकडूनच करून घ्या. हत्यारांची पिशवी, दगडांचा डबा, कॅमेरा, आणि आजीने पृथ्वीवरून पाठवलेला पितळी अडकित्ता जो ती कुठेही गेली तरी खिशात ठेवते. ओवी आणि सूट मिळून धरा शंभर किलो. पाच किलोची पिशवी तिने जोरात डोक्याच्या वर सरळ फेकली तर तिचा वर जायचा वेग थोडासाच कमी होतो, म्हणून एका फेकीत भागत नाही. दोन, तीन, चार. कडेला फेकलं तर स्वतःच गिरक्या खायला लागेल, म्हणजे चुकायलाही जागा आहे. आणि शेवटी अडकित्ता उरतो. इथे मी गप्प बसते, मुलं भांडतात. निम्मी म्हणतात फेक, निम्मी म्हणतात नको, अडकित्ता हलका आहे, त्याने फार फरक पडणार नाही, हवा पुरेल. हे भांडण म्हणजेच गोष्ट, त्यात तुम्ही निकाल द्यायला जाऊ नका.

परग्रहवासी आणायचे का, असं बरेच जण विचारतात. आणा की, पण सुटका करायला आणू नका. अडचण करायला आलेला चालतो, मदतीला आलेला एलियन म्हणजे परत मोठं माणूसच झालं.

बारीकसारीक गोष्टी खऱ्या ठेवल्या की मुलं मोठी थाप पण ऐकून घेतात. बाहेर आवाज नाही, स्फोट झाला तरी धडाम नाही, पण दोघांनी हेल्मेटला हेल्मेट टेकवलं तर बोललेलं ऐकू जातं, काचेतून. रेडिओ बंद असताना ही युक्ती सोन्यासारखी आहे, आणि दोन भांडलेल्या कॅडेटना कपाळाला कपाळ लावून बोलायला लावता येतं. झोपताना पिशवी भिंतीला बांधायची आणि पंख्याचा झोत लागतो, नाहीतर आपणच सोडलेला उच्छ्वास तोंडाभोवती साचून राहतो. खाण्यात ब्रेड नको, चुरा तरंगतो आणि यंत्रात जातो, म्हणून तिथे पोळीसारखे टॉर्टिया खातात. आपण पोळीचा रोल करूनच खातो, आपलं काम आधीच झालेलं आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा बरोबर गाजर हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता, हे सांगितल्यावर आमच्याकडे पुढची दहा मिनिटं फक्त आमरस हवेत कसा तरंगेल यावर गेली (गोळा होऊन, आणि चमच्याला चिकटून).

भीती दाखवायची असेल तर राक्षसापेक्षा पाणी वापरा. जुलै २०१३ मध्ये लुका पार्मितानो हा इटालियन अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करत होता आणि त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी जमायला लागलं. वजन नसल्यामुळे पाणी खाली पडत नाही, ते चेहऱ्याला चिकटून पसरतं, डोळ्यांवर, नाकात. त्यात अंधार झाला. दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, अशा अवस्थेत तो आपल्या सुरक्षेच्या दोराच्या ओढीवरून दिशा ओळखत चाचपडत एअरलॉकपर्यंत आला, आणि आत आल्यावर जोडीदाराने त्याचा हात दाबला, ठीक आहेस ना, त्याने उलट दाबला. अख्ख्या प्रसंगात एक खलनायक नाही. रात्री झोपायच्या आधी मात्र सांगू नका, एका आईचा मला फोन आला होता.

पृथ्वीवरची बाजू कुठे ठेवायची, तर नासाचं नियंत्रण केंद्र असलेलं अमेरिकेतलं ह्यूस्टनच कशाला? नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची जीएमआरटी ही रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा अगदी क्षीण सिग्नल तिथे पकडला होता. उतरायच्या जरा आधी तो बंद पडला, यान आदळलं. तेव्हा सिग्नल यायला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती, म्हणजे खोडदला तो ऐकू येत होता तेव्हा तिकडे मंगळावर सगळं होऊन गेलं होतं. तुमच्या गोष्टीतली आजी टोमॅटोच्या शेतातून त्या डिशकडे बघत उभी राहू शकते, काही खोटं नाही त्यात. ट्रेनिंगचा एखादा प्रसंग हवा असेल तर लोणार घ्या, बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं जवळपास १.८ किलोमीटरचं विवर, चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक त्याच्याकडे बघतातच. नववीतलं पोर घरात असेल तर त्याला इस्रोच्या युविका या अवकाशविज्ञान शिकवणाऱ्या कार्यक्रमाबद्दल सांगा, २०१९ पासून नववीच्याच मुलांसाठी आहे.

भाषेचं थोडक्यात. "गुरुत्वाकर्षणविरहित अवस्थेत" लिहिलंत की पोर उठून पाणी प्यायला जातं. "वजनच नाही ना, मग चप्पल कुठे ठेवणार" असं लिहा. यान, सूट, रडार, ऑक्सिजन, सिलेंडर हे शब्द मुलं रोज वापरतात, त्यांचं भाषांतर करत बसू नका. लांबी मोठ्याने वाचून वीस मिनिटं, त्याच्या वर नाही, आणि वाचताना कोण कुठे चुळबुळ करतंय तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा, दुसऱ्या दिवशी तेवढा भाग सरळ उडवा.

आणि शेवट. ओवी खाली आली, धपकन नाही, पिसासारखी, बंट्याने तिचा घोटा धरला आणि झुबेरने बंट्याचा पट्टा, हवा उरली दोन मिनिटांची. तिघं यानात शिरतात, हेल्मेट काढतात, कुणी काही बोलत नाही. तेवढ्यात रेडिओ खरखरतो. पंचवीस मिनिटांपूर्वी त्यांनी पृथ्वीला "आम्ही सुखरूप उतरलो" एवढाच निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलंय. ट्रेनिंगच्या बाई आनंदाने सांगतायत, "शाब्बास पोरांनो! आता एकच सूचना, बाहेर पडल्यावर उड्या मारू नका."